'साइक्स' : एका इंग्रजी आडनावाचे मूळ आणि विस्तार

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील दख्खनची लोकसंख्या, शेती अथवा पशुपक्षी यांचा अभ्यास करणाऱ्यास कर्नल विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) हे नाव ओलांडून पुढे जाता येत नाही. खडकी व पुणे येथील लढायांत भाग घेतलेल्या या लष्करी अधिकाऱ्याची १८२४ साली मुंबई सरकारने सांख्यिकीय माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमणूक केली, आणि पुढील काही वर्षे त्यांनी दख्खनच्या जिल्ह्यांत हिंडून माणसे, जमीन, पिके व हवामान यांची मोजदाद केली. त्याच भ्रमंतीतून १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची त्यांची यादी प्रसिद्ध झाली. तीत वर्णिलेल्या एका रातव्यास त्यांनी 'महराटेन्सिस' असे लॅटिन नाव दिले. इंग्रजीत मात्र तोच पक्षी आज 'साइक्सचा रातवा' म्हणून ओळखला जातो. अशा रीतीने मराठ्यांचे नाव आणि एका यॉर्कशरच्या घराण्याचे आडनाव एकाच पाखरावर येऊन बसले आहे.

'साइक्स' या शब्दाचा अर्थ काय आणि ते आडनाव धारण करणारे सर्व लोक एका मूळपुरुषाचे वंशज आहेत काय, हे दोन प्रश्न वरवर एकच वाटतात. वस्तुतः ते भिन्न आहेत. पहिल्याचे उत्तर भाषाशास्त्र देते आणि त्याविषयी फारसा मतभेद नाही. दुसऱ्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न दप्तरखान्यातील कागद आणि प्रयोगशाळेतील रक्ततपासणी या दोन्ही मार्गांनी झालेला आहे, आणि दोहोंचे निष्कर्ष प्रथमदर्शनी परस्परविरुद्ध दिसतात. हा विरोध कितपत खरा आहे हे ठरविल्याखेरीज आडनावास वंशाचे गमक म्हणून वापरणे सुरक्षित नाही.

व्युत्पत्तीपासून आरंभ करणे सोयीचे आहे. प्राचीन इंग्रजीत 'सीच्' आणि प्राचीन नॉर्समध्ये 'सीक्' हा शब्द पाणथळ जमिनीतून वाहणाऱ्या, बहुधा उन्हाळ्यात आटणाऱ्या बारीक ओहोळास लावीत. दक्षिण व मध्य इंग्लंडात अंत्य व्यंजन तालव्य होऊन 'सिच' हे रूप रूढ झाले. उत्तरेत मात्र कठोर 'क्' टिकून राहिला. ८७६ साली डॅनिश सैन्याने यॉर्कशरमधील जमिनी आपसांत वाटून घेतल्या, तेव्हापासून त्या भागाच्या बोलीवर जो नॉर्स संस्कार झाला त्यामुळे 'क्'युक्त रूपास बळ मिळाले असले पाहिजे. म्हणून 'सिच' आणि 'साइक' हे एकाच शब्दाचे दोन प्रादेशिक अवतार होत. यावरून निघणारा उपसिद्धान्त महत्त्वाचा आहे : 'साइक्स' हे आडनाव उत्तरेकडचेच असणार, हे नकाशा पाहण्यापूर्वी केवळ ध्वनिविचारावरूनच सांगता येते.

जुन्या लेखांत या नावाची 'देल साइक', 'देल साइक्स' अशी रूपे येतात. अर्थ उघड आहे : ओहोळाकाठचा. पुढे षष्ठीचे किंवा अनेकवचनाचे 'स्' त्यास कायमचे चिकटले आणि 'देल' गळून पडले. डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट' या कादंबरीतील कुप्रसिद्ध दरोडेखोर बिल साइक्स याचे नाव रोमन लिपीत 'वाय' ऐवजी 'आय' घालून लिहिले जाते. तो लेखनभेद आहे, निराळे आडनाव नव्हे. येथे आणखी एक बारकावा ध्यानात ठेवला पाहिजे. डोंगराळ प्रदेशात असे ओहोळ शेतांच्या व गावांच्या सीमा ठरवीत. त्यामुळे ओहोळावरून पडलेली स्थलनामे पुष्कळ आहेत. बोलंडच्या डोंगरांत साइक्स नावाची एक लहानशी वस्ती आजही आहे. ओहोळ शेकडो, तेव्हा ओहोळाकाठचे लोकही शेकडो. नाव एकदाच जन्मले असेल असे मानण्यास भाषाशास्त्र कोणताही आधार देत नाही.

इंग्लंडात आनुवंशिक आडनावे एका दिवसात आली नाहीत. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर प्रथम सरदार घराण्यांनी आपल्या जहागिरींची नावे कुलनाम म्हणून धारण केली. सामान्य जनांत ही रूढी दक्षिणेत व मध्यभागी चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बरीचशी स्थिरावली. उत्तरेत तिला आणखी सुमारे शंभर वर्षे लागली. मधल्या काळात एकाच माणसास एका कागदात बापाच्या नावावरून, दुसऱ्यात धंद्यावरून आणि तिसऱ्यात राहत्या जागेवरून ओळखलेले आढळते. अशी उपनामे त्या माणसाबरोबर मरत. 'देल साइक' असा उल्लेख कोठे सापडला की तेथे साइक्स घराण्याचा उगम झाला, असे म्हणण्याची घाई वंशावळ लिहिणारे नेहमी करतात. तो उल्लेख आडनावाचा आहे की नुसत्या पत्त्याचा, हे त्याच्या मुलाचे व नातवाचे नाव पाहिल्याशिवाय कळत नाही.

सुदैवाने वेस्ट रायडिंगच्या बाबतीत साधने विपुल आहेत. वेकफील्डच्या जहागिरीतील न्यायसभांच्या गुंडाळ्या १२७४ पासून मोठ्या प्रमाणावर उपलब्ध आहेत. जमिनीचे हस्तांतर, दंड, गुरांची चोरी, शेजाऱ्यांची भांडणे असल्या क्षुल्लक बाबींच्या निमित्ताने त्यांत हजारो सामान्य माणसांची नावे येऊन गेली आहेत. याहूनही उपयुक्त अशी १३७९ च्या डोईपट्टीची यादी होय. सोळा वर्षांवरील व्यक्तींकडून, पतिपत्नींस एक धरून, किमान चार पेन्स घेण्याचा तो कर होता. भिकारी वगळले असले तरी कूळ, विणकर, चाकर, विधवा असे सर्व थर त्या यादीत आढळतात. तिच्यात 'अमुक याचा पुत्र तमुक' या धर्तीची नावे अजून इतकी आहेत की, आडनावे स्थिर होण्याची क्रिया तेव्हा अर्ध्यावरच होती हे स्पष्ट होते. १५३८ पासून चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदवह्या सुरू झाल्या आणि तेथून पुढे पिढ्यांचा दुवा जोडणे बरेच सुकर होते. कठीण आहेत ती त्या आधीची दीड-दोनशे वर्षे, आणि वादाचा मुद्दा नेमका त्याच अंधारात दडलेला आहे.

या आडनावाचा प्रदेश पेनाइन पर्वताच्या पूर्व उतारावरचा, हडर्सफील्डच्या भोवतालचा आहे. कोल्न नदीच्या खोऱ्यातील स्लेथवेट (स्थानिक उच्चार 'स्लाविट'), पूर्वेकडील फ्लॉक्टन आणि पर्वतापलीकडील सॅडलवर्थ ही त्याची जुनी ठाणी. सॅडलवर्थ ऐतिहासिक दृष्ट्या यॉर्कशरमध्येच होते. १९७४ साली वेस्ट रायडिंग हे प्रशासकीय एकक रद्द झाले तेव्हा ते ग्रेटर मँचेस्टरमध्ये गेले. जिल्हावार आकडे वाचणाऱ्याने ही सीमारेषा हलल्याची जाणीव ठेवावी. नाहीतर साइक्स लोक लँकशरकडे सरकले असा भास होईल, जेव्हा सरकली ती फक्त सरहद्द.

१८८१ च्या जनगणनेवरून काढलेल्या नकाशांत हे आडनाव वेस्ट रायडिंगमध्ये दाट आणि त्याबाहेर झपाट्याने विरळ होत जाणारे दिसते. पाचशे वर्षे उलटूनही नाव आपल्या खोऱ्यात का राहिले, याचे उत्तर तेथील अर्थव्यवस्थेत आहे. जमीन निकृष्ट, पाऊस भरपूर, मेंढ्या पुष्कळ. त्यामुळे घरोघर लोकर कातून व विणून कापड काढण्याचा धंदा वाढला. चार एकर जमीन आणि एक माग यांवर कुटुंब जगू शकत असे, म्हणून धाकट्या मुलांस गाव सोडावे लागले नाही. पुढे यंत्रयुग आले तेही याच खोऱ्यात. १८०१ साली सात हजारांच्या आसपास असलेली हडर्सफील्डची वस्ती १८५१ पर्यंत तीस हजारांवर गेली. ज्यांची मुले जवळपासच गिरणीत कामास लागली त्यांची आडनावेही तेथेच वाढली. एकाच खेड्यात एकाच नावाआडनावाची अनेक माणसे असल्यामुळे कोल्न खोऱ्यात व सॅडलवर्थमध्ये 'अमक्याच्या तमक्याचा बिल' अशी बापआज्यांच्या नावांची साखळी बोलण्यात वापरीत. आडनाव रूढ होऊन चारशे वर्षांनी लोकांस पुन्हा पितृनामाकडे वळावे लागले, हा योग मौजेचा खरा. पण आडनावाचे मूळ कार्य, म्हणजे माणूस ओळखणे, ते नाव फार यशस्वी झाले की संपुष्टात येते, हेही त्यात दिसते.

इतक्या माहितीवरून विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंतचे सर्वसाधारण अनुमान असे होते की, साइक्स हे बहुमूल आडनाव आहे. जसे सर्व कुलकर्णी एका कुलकर्ण्याचे वंशज नव्हेत, तसेच ओहोळाकाठी राहणारी अनेक कुटुंबे स्वतंत्रपणे साइक्स झाली असावीत. लेखी साधनांत हे नाव एकाहून अधिक ठिकाणी येत असल्याने या अनुमानास पुष्टीच मिळत होती.

२००० साली ऑक्सफर्डचे जननशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स (१९४७–२०२०) आणि कॅथरिन अर्व्हेन यांनी या अनुमानास धक्का दिला. त्यांची पद्धती कल्पनेत साधी होती. पुरुषाचे वाय-गुणसूत्र बापाकडून मुलास जवळजवळ जसेच्या तसे मिळते. इंग्लंडात आडनावही त्याच वाटेने जाते. तेव्हा एका मूळपुरुषाचे आडनाव धारण करणाऱ्या पुरुषांत गुणसूत्राचा ठसाही एकच असावा. साइक्स आडनावाच्या, परस्परांशी ज्ञात नाते नसलेल्या ४८ पुरुषांचे नमुने घेऊन त्यांच्या वाय-गुणसूत्रावरील चार जागा तपासण्यात आल्या. जवळजवळ निम्म्यांचा ठसा तंतोतंत एक निघाला. आणि त्याच प्रदेशातील किंवा एकंदर ब्रिटनमधील तुलनेसाठी घेतलेल्या इतर पुरुषांत तो आढळला नाही. उरलेल्यांचे ठसे मात्र सर्वसाधारण लोकांप्रमाणेच विखुरलेले होते. संशोधकांनी यावरून असा निष्कर्ष काढला की, हयात साइक्स पुरुषांचा मूळपुरुष एकच असावा, आणि विखुरलेले ठसे सातशे वर्षांत अधूनमधून पितृपरंपरा खंडित झाल्यामुळे आले असावेत. त्या हिशेबाने खंडाचे प्रमाण दर पिढीस सरासरी १.३ टक्के येते. ब्रायन साइक्स यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या 'अॅडम्स कर्स' या पुस्तकात स्वतःचा आणि औषधनिर्मिती क्षेत्रातील सर रिचर्ड साइक्स यांचा ठसा जुळल्याची हकीकत सांगितली आहे; दोघांस परस्परांशी असलेल्या नात्याची पूर्वी काहीच कल्पना नव्हती.

हा निष्कर्ष आकर्षक आहे, आणि वृत्तपत्रांतून तो 'सगळे साइक्स एकाच रक्ताचे' अशा स्वरूपात पसरला. मूळ विधान तसे नाही. 'आज हयात असलेल्यांचा मूळपुरुष एक' आणि 'आडनावाचा मूळपुरुष एक' या दोन विधानांत जे अंतर आहे ते गणिताच्या साहाय्याने दाखविता येते.

आडनावे नामशेष कशी होतात हा प्रश्न फ्रान्सिस गॅल्टन यांनी १८७३ साली जाहीरपणे विचारला, आणि हेन्री वॉटसन या धर्मोपदेशक गणितज्ञांच्या साहाय्याने १८७४ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. वॉटसन यांचा अंतिम निर्णय चुकला होता. लोकसंख्या वाढती असली तरी प्रत्येक आडनाव शेवटी मरणारच, असे त्यांच्या समीकरणांवरून त्यांना वाटले, ते खरे नाही. पण त्यांची रीत अचूक होती आणि ती आजही वापरली जाते. प्रत्येक पुरुषास सरासरी एक मुलगा होतो, म्हणजे लोकसंख्या स्थिर आहे, आणि मुलांची संख्या केवळ योगायोगाने कमीअधिक होते, असे समजू. अशा स्थितीत शंभर पुरुषवंशांपैकी सुमारे सदतीस पहिल्याच पिढीत खुंटतात. कोणास मुलीच होतात, कोणास काहीच नाही, कोणाचे मुलगे बालपणीच जातात. दहाव्या पिढीअखेर शंभरांतील सुमारे सोळाच वंश उरतात. यात कोणाचा दोष नाही, कोणाची श्रेष्ठता नाही; केवळ यदृच्छेचा हा परिणाम आहे.

इंग्लंडात तर परिस्थिती याहून कठोर होती. आडनावे जेव्हा नुकतीच मूळ धरीत होती, नेमक्या त्याच वेळी, १३४८–४९ मध्ये, प्लेगच्या महामारीने देशातील एक-तृतीयांशाहून अधिक माणसे नेली आणि पुढे दीडशे वर्षे लोकसंख्या सावरली नाही. समजा, १३०० च्या सुमारास वेस्ट रायडिंगमध्ये निरनिराळ्या ओहोळांकाठी साइक नावाची सहा-सात कुटुंबे होती. वरील हिशेबाने सोळाव्या शतकापर्यंत त्यांतील एखादेच टिकणार. आणि जे टिकेल त्यास नंतरच्या लोकसंख्यावाढीचा सर्व लाभ मिळणार. आज त्याचे वंशज तपासले तर ठसा एकच मिळेल. कागदपत्रे अनेक मूळपुरुष दाखवितात आणि गुणसूत्र एक दाखविते, यात मग विरोध उरत नाही. कागद हे आरंभाचे साक्षीदार आहेत, गुणसूत्र हे शेवटचे.

२००९ साली लेस्टर विद्यापीठाच्या तुरी किंग व मार्क जॉबलिंग यांनी चाळीस ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांवर, अधिक जागा तपासून, केलेल्या अभ्यासाने या विचारास व्यापक पाया मिळाला. स्मिथसारख्या अतिप्रचलित आडनावाच्या पुरुषांतील ठशांची विविधता सर्वसाधारण लोकसंख्येइतकीच निघाली. लोहार प्रत्येक गावात होता, त्यामुळे ते अपेक्षितच म्हटले पाहिजे. याउलट अॅटनबरोसारख्या दुर्मीळ आडनावात बहुसंख्य पुरुष एकाच वंशाचे निघाले. काही वंश यदृच्छेने फोफावणे व इतर खुंटणे या क्रियेचा प्रभाव किती मोठा असू शकतो, हे त्यांनी संगणकावरील नमुन्यांनी पडताळून पाहिले. २००० सालच्या अभ्यासातील चार जागा आजच्या मानाने फारच थोड्या आहेत, हेही येथे नमूद केले पाहिजे. एवढ्या जाड चाळणीतून दोन भिन्न वंश एकच भासू शकतात आणि एकाच वंशातील दूरच्या शाखा वेगळ्याही दिसू शकतात.

राहिला विखुरलेल्या ठशांचा प्रश्न. त्यांचे स्पष्टीकरण 'खंड' या एकाच शब्दाने करण्यात एक गृहीत दडलेले आहे. ते सर्व पुरुष मूळ एकाच साइक्सच्या परंपरेतून बाजूला पडलेले आहेत असे मानले तरच १.३ टक्क्यांचा आकडा निघतो; पण मूळपुरुष एक होता की अनेक, हाच तर वादाचा प्रश्न. टिकून राहिलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या एखाद्या लहान वंशाचे सदस्य त्यांत असतील, तर खंडाचे प्रमाण तितके कमी धरावे लागेल. शिवाय 'खंड' म्हटल्याबरोबर वाचकाच्या मनात व्यभिचाराची कल्पना येते, तीही एकांगी आहे. अविवाहित आईचा मुलगा आईचे आडनाव लावी. विधवेच्या पहिल्या घरचा मुलगा सावत्र बापाच्या नावाने वाढे. सासऱ्याची मिळकत मिळावी म्हणून जावई सासऱ्याचे आडनाव घेई. दत्तक मुलगा नव्या घराचे. या सर्व प्रकारांत गुणसूत्र एका वाटेने व नाव दुसऱ्या वाटेने जाते, आणि बहुतेकांत ही गोष्ट साऱ्या गावास ठाऊक असे. अशा माणसांच्या वंशजांस आज 'खरे साइक्स नव्हेत' म्हणणे शास्त्रास धरून नाही. आडनाव ही सामाजिक वस्तू आहे. ज्याने ते समाजमान्य रीतीने धारण केले, ते त्याचेच.

हा विवेक केवळ पुस्तकी नाही. गुन्ह्याच्या ठिकाणी सापडलेल्या रक्तावरून अज्ञात पुरुषाचे आडनाव ताडता येईल, ही शक्यता २००० च्या निबंधातच सुचविली होती. दुर्मीळ आडनावांच्या बाबतीत शोधाची दिशा ठरविण्यास ती उपयोगी पडेलही. परंतु ज्या आडनावाच्या निम्म्याहून अधिक पुरुषांचा ठसा त्या नावाच्या प्रमुख ठशाशी जुळत नाही, तेथे ठसा न जुळल्याने कोणी संशयमुक्त होत नाही. आणि ठसा जुळला तरी तो शेकडो निरपराध चुलतबंधूंशीही तितकाच जुळतो. आनुवंशिक पुराव्याचे वजन आडनावाच्या इतिहासावर अवलंबून असते, हे न्यायालयात मांडणारा तज्ज्ञ सापडेलच असे नाही.

प्रश्नाचा निकाल लागण्याचा मार्ग दोन्ही साधने एकत्र आणण्यात आहे. स्लेथवेट, फ्लॉक्टन व सॅडलवर्थ येथील ज्या शाखांची वंशावळ कागदोपत्री सोळाव्या शतकापर्यंत निर्विवाद नेता येते, त्या प्रत्येकीच्या आजच्या दोन-तीन दूरस्थ वंशजांचे ठसे पुरेशा जागांवर तपासून ताडून पाहिले पाहिजेत. तिन्ही शाखांचा ठसा एक निघाला आणि त्यांचा समान पूर्वज तेराव्या-चौदाव्या शतकात पडला, तर एकमूलत्वाचा पक्ष बळकट होईल. शाखागणिक ठसा निराळा निघाला, तर आडनाव अनेक ठिकाणी जन्मले आणि एकाहून अधिक वंश टिकले, असे म्हणावे लागेल. यादृच्छिक नमुना हे काम करू शकत नाही. कारण त्यात प्रत्येक पुरुष कोणत्या शाखेचा, हेच नोंदलेले नसते.

तोवर नावावरून नाते जोडण्याचा मोह आवरणे बरे. दख्खनची मोजदाद करणाऱ्या कर्नल साइक्स यांचे घराणे ब्रॅडफर्डजवळच्या फ्रायझिंगहॉलचे, म्हणजे या आडनावाच्या जुन्या प्रदेशातलेच. त्यांच्यानंतर शंभर वर्षांनी, १९२८ ते १९३३ या काळात, मुंबईचे गव्हर्नर असलेले सर फ्रेडरिक साइक्स यांचा जन्म लंडनजवळच्या क्रॉयडनचा. मध्यपूर्वेच्या १९१६ च्या गुप्त वाटणी-कराराशी ज्यांचे नाव निगडित झाले ते सर मार्क साइक्स ईस्ट रायडिंगमधील स्लेडमिअरच्या जमीनदार घराण्यातले, तर विनोदी नट एरिक साइक्स सॅडलवर्थला लागून असलेल्या ओल्डम गावचे. चौघांच्याही नावाच्या मुळाशी ओहोळ आहे. तो एकच ओहोळ होता असे मानण्यास आज पुरावा नाही.